पीएस५ वरून यूट्यूबवर लाइव्ह स्ट्रीमिंग: सुरुवात कशी करावी, आधी काय घ्यावं?

नवखा_गडी

नमस्कार मंडळी. घरी पीएस५ स्लिम आहे. त्यावरून यूट्यूबवर मराठी कॉमेंट्रीसकट लाइव्ह खेळायचं आहे. मुख्यतः क्रिकेट २४ आणि ईए एफसी, अधूनमधून जीटीए ५. हाताशी आहे ते असं:

लॅपटॉप: आय५, आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.
नेट: फायबर, १०० एमबीपीएस. राउटर आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये.
हेडसेट: कंट्रोलरला लावायचा साधा ३.५ मिमी पिनवाला.

बजेट आठ-दहा हजार. कॅप्चर कार्ड घ्यावंच लागतं का? एचडीएमआय केबल थेट लॅपटॉपला जोडून भागणार नाही का? माइक आणि कॅमेरा यांत आधी काय घेऊ?

रात्रपाळी

थेट केबलने भागणार नाही. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट आउटपुटचं असतं, चित्र बाहेर पाठवण्यासाठी. पीएस५चंही तसंच. दोघंही बोलणारे, ऐकणारा कोणी नाही. लॅपटॉपला चित्र आत घ्यायचं तर मध्ये कॅप्चर कार्ड हवंच.

पण माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन आठवडे कार्ड घेऊच नका. पीएस५ला लॅपटॉपशिवाय स्वतःहून यूट्यूब आणि ट्विचवर जाता येतं. असं करा:

१. आजच्या आज यूट्यूब स्टुडिओत जाऊन लाइव्हची परवानगी मागा. फोन नंबर पडताळावा लागतो आणि पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात. ऐन वेळी इथेच लोक अडकतात. ५० सबस्क्रायबरची अट मोबाइल अ‍ॅपवरून लाइव्ह जाणाऱ्यांना आहे, कन्सोल किंवा ओबीएसला (लॅपटॉपवरून स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर) नाही. वयाची अट मात्र २०२५च्या जुलैपासून १६ झाली आहे. घरातलं धाकटं कुणी खेळणार असेल तर सोबत मोठं माणूस हवं.

२. पीएस५वर सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, लिंक्ड सर्व्हिसेस, यूट्यूब. क्यूआर कोड फोनने स्कॅन करा.

३. सेटिंग्ज, कॅप्चर्स अँड ब्रॉडकास्ट्स, ब्रॉडकास्ट्स. व्हिडिओ क्वालिटी १२८० × ७२० (म्हणजे ७२०पी), ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम). ऑडिओमध्ये स्वतःच्या माइकचा आवाज घेण्याचा पर्याय चालू करा. पार्टीतल्या (सोबत बोलत खेळणाऱ्या गटातल्या) इतरांचा आवाज घ्यायचा तर तो पर्याय वेगळा आहे, आणि मित्रांना सांगून मगच.

४. खेळ सुरू असताना टचपॅडच्या डावीकडचं क्रिएट बटण, मग ब्रॉडकास्ट. शीर्षक लिहा, गो लाइव्ह.

पहिलं प्रसारण सुरू होताच फोनवरच्या यूट्यूब स्टुडिओतून अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असं) करा आणि दुसऱ्या खोलीत कुणाला तरी मोबाइल डेटावर बघायला बसवा. कंट्रोलरवरचं म्यूट बटण नारिंगी पेटलेलं असेल तर तुमचा आवाज जात नाहीये.

केबलचा_गुंता

वरच्यांशी सहमत, पण क्रिएट बटण दाबायच्या आधी नेट बघा. १०० एमबीपीएस म्हणता ते डाउनलोड. स्ट्रीमिंगला अपलोड लागतो. स्पीड टेस्ट राउटरशेजारी बसून करू नका, टीव्हीपाशी करा, आणि रात्री नऊला करा.

हिशेब सोपा आहे. बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) ठरवताना अपलोडच्या निम्म्यापेक्षा फार वर जायचं नाही. ७२०पी ६०ला यूट्यूब ६००० केबीपीएस सुचवतं, म्हणजे स्थिर १०-१२ एमबीपीएस अपलोड हवा. डेटा तासाला २.७ जीबी. रोज दोन तास खेळलात तर महिन्याला १६० जीबीच्या आसपास, फायबरला काहीच नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर मात्र रोजचा २ जीबीचा पॅक पाऊण तासात संपतो, त्यामुळे तो विचार सोडा.

आतल्या खोलीतला राउटर आणि हॉलमधला टीव्ही यांमध्ये वायफाय ठेवू नका. स्ट्रीम तुटतं ते बहुतेकदा वेग कमी म्हणून नाही, तर वायफाय मध्येच अर्धा सेकंद गप्प बसतं म्हणून. यूट्यूबवर पाहताना पुढचा भाग आधीच उतरवलेला असतो, म्हणून तो अर्धा सेकंद कळत नाही. वर पाठवताना तेवढी शिल्लक नसते. १५-२० मीटर कॅट ६ केबल घ्या, भिंतीच्या कडेने क्लिपा मारा, काम झालं. भाड्याचं घर असेल आणि खिळे चालत नसतील तर निदान ५ गिगाहर्ट्झ वायफायवर ठेवा आणि मधलं दार उघडं ठेवा.

आणि राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट-अँपिअर जुळवून घ्या. पावसाळ्यात लाइट गेली तर पीएस५ बंद पडेल ते पडेल, पण लाइट सेकंदभर डोळा मारून परत आली तरी राउटर पुन्हा चालू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. कन्सोलही वाचवायचा तर मोठा यूपीएस लागेल, तो तुमच्या बजेटात बसत नाही.

मिक्सर

बजेटचा पहिला रुपया माइकला. कॅमेरा शेवटी. चित्र थोडं मऊ असलं तरी लोक बघतात, आवाज खरखरला की लगेच निघून जातात. मराठी कॉमेंट्री करायची आहे ना? मग लोक तुम्हालाच ऐकायला येणार.

कंट्रोलरच्या आतल्या माइकने सुरुवात नको. बटणांची टकटक आणि कंट्रोलरची थरथर दोन्ही त्यात येतात. तुमचा पिनवाला हेडसेट त्यापेक्षा बरा. पुढे यूएसबी डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नाही. कंडेन्सर संवेदनशील असतो. आपल्या हॉलमध्ये वर पंखा, शेजारी स्वयंपाकघर, खाली रस्ता. कुकरची शिट्टी बोलणाऱ्यापेक्षा स्वच्छ ऐकू येते. डायनॅमिक तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला ठेवा म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत.

अर्धविराम

यूट्यूब की ट्विच हा प्रश्न कुणी विचारला नाही, तरी सांगतो. जगभर गेमवाले ट्विचवर बसतात हे खरं, पण मराठी प्रेक्षक फोनवर आणि यूट्यूबवर आहे. तांत्रिक कारणही आहे. यूट्यूब तुमच्या स्ट्रीमच्या कमी दर्जाच्या आवृत्त्या स्वतः करतं, त्यामुळे गावाकडे रेंज कमी असलेला माणूस ३६०पीवर बघू शकतो. ट्विचवर नव्या चॅनेलला ती सोय दर वेळी मिळेलच असं नाही. मिळाली नाही तर तुम्ही जे पाठवाल तेच प्रत्येकाला, झेपो न झेपो.

रात्रपाळी

+१. फक्त एक भर: ७२०पीच ठेवा, हट्टाने १०८०पी करू नका. क्रिकेटमध्ये हिरवळ आणि प्रेक्षकांची गर्दी हे दोन्ही एन्कोडरचे (चित्र दाबून पाठवणाऱ्या भागाचे) शत्रू. कमी बिटरेटवर १०८०पी पाठवलं तर चेंडू टाकताच मैदानाचा शेवाळी चिखल होतो. त्याच बिटरेटवर ७२०पी नीट दिसतं.

नवखा_गडी

मंडळी, भरपूर आभार. केबल टाकली, क्रिएट बटणावरून सगळं नीट चालतंय. आता स्कोअरपट्टी आणि स्वतःची फ्रेम लावायची आहे, ते कन्सोलवरून होत नाही. म्हणून यूएसबी ३चं बिनब्रँड कार्ड आणलं, एचडीएमआय इन आणि लूप आउटवालं (तेच चित्र टीव्हीलाही पुढे देणारं). लॅपटॉपवर ओबीएस टाकलं. तीन अडचणी: ओबीएसमध्ये काळा पडदा. मग काहीतरी खुडबुड केल्यावर चित्र आलं, पण फिकट, धुतल्यासारखं. आणि हेडसेट कंट्रोलरलाच आहे तरी माझा आवाज ओबीएसमध्ये येत नाही.

केबलचा_गुंता

काळा पडदा म्हणजे एचडीसीपी, चित्राची नक्कल रोखणारं कुलूप. सेटिंग्ज, सिस्टम, एचडीएमआय, एनेबल एचडीसीपी बंद करा. ते बंद असताना नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप पीएस५वर चालणार नाहीत, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

फिकट चित्र म्हणजे एचडीआर, रंग-उजेडाची जास्त मोठी व्याप्ती. कार्डाला ते कळत नाही. सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुटमध्ये एचडीआर बंद, व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट) बंद, १२० हर्ट्झ आउटपुट बंद, रिझोल्यूशन १०८०पी. एवढ्यानेही काळा रंग राखाडी दिसला तर आरजीबी रेंज ‘लिमिटेड’ करून बघा आणि ओबीएसमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये कलर रेंजही तीच ठेवा. दोन्हीकडे वेगवेगळं असलं की एकतर धुकं, नाहीतर अंधार.

कार्ड खरंच यूएसबी ३ आहे का तेही तपासा, आतला प्लास्टिकचा निळा रंग बघून विश्वास ठेवू नका. १०८०पी ६०चं न दाबलेलं चित्र सेकंदाला साधारण २५० मेगाबाइट होतं: १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, गुणिले ६०. यूएसबी २ची कमाल ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. त्यामुळे यूएसबी २चं कार्ड चित्र एमजेपेगमध्ये दाबूनच पाठवतं, आणि स्वस्तातली बरीचशी १०८०पीला ३० फ्रेमवरच थांबतात. प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन ‘कस्टम’ करून १९२० × १०८०, ६० एफपीएस निवडा. व्हिडिओ फॉरमॅटच्या यादीत वायूवाय२ किंवा एनव्ही१२ (न दाबलेल्या चित्राचे फॉरमॅट) दिसलं तर कार्ड ठीक. तिथे फक्त एमजेपेग दिसत असेल तर आधी पोर्ट बदला, हब काढा. तरीही तेच तर दुकानदाराला परत करा.

खेळताना टीव्हीकडेच बघायचं, म्हणजे लूप आउटकडे. ओबीएसच्या खिडकीत बघून फलंदाजी केलीत तर प्रत्येक चेंडूला बॅट उशिरा येईल.

मिक्सर

आवाजाचं उत्तर: कंट्रोलरला लावलेला माइक पीएस५ला ऐकू येतो, एचडीएमआयमधून बाहेर पडत नाही. क्रिएट बटणावरचं प्रसारण कन्सोलच्या आत होतं म्हणून तिथे येत होता. कार्ड लावलंत की माइक लॅपटॉपला. हेडसेटमधल्या पार्टी चॅटचंही तेच; मित्रांचा आवाज हवा असेल तर डिस्कॉर्डचा (गप्पांच्या अ‍ॅपचा) कॉल सरळ लॅपटॉपवर घ्या.

टीव्हीचा आवाज खोलीत मोठा ठेवला तर तो माइकमध्ये शिरतो आणि प्रेक्षकांना प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येते. टीव्हीला हेडफोनचं जॅक असेल तर तिथून ऐका.

पातळ्या: बोलताना मीटर -१५ ते -१० डीबीच्या मध्ये नाचू दे, खेळ -२५च्या आसपास. माइकच्या फिल्टर्समध्ये आधी नॉइज सप्रेशन, पद्धत आरएनएनॉइज (पंखा यातच जातो), मग कॉम्प्रेसर (हळू-मोठा आवाज सारखा करणारा), शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर न जाऊ देणारा) -३वर. नॉइज गेट (हळू आवाज कापून टाकणारा फिल्टर) लावू नका, मराठीत वाक्याची शेवटची ‘आहे’, ‘नाही’ हळू पडतात आणि गेट नेमकी तीच गिळतं. डिस्कॉर्डचा कॉल नसेल तर डेस्कटॉप ऑडिओ म्यूट.

आता मेळ. चित्र आणि खेळाचा आवाज कार्डातून थोडे उशिरा येतात, तुमचा माइक लगेच. परिणाम असा की विकेट पडायच्या आधीच तुम्ही ‘गेला!’ ओरडता. मोजायची पद्धत: टीव्हीचा स्पीकर मुद्दाम मोठा करा, माइक त्याच्यापुढे धरा. ओबीएसमध्ये माइक आणि कार्ड वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून रेकॉर्ड करा आणि पीएस५च्या मेनूत इकडेतिकडे जा. प्रत्येक टिक दोन्ही ट्रॅकवर उमटेल. ऑडॅसिटीत उघडून दोन टिकांमधलं अंतर मिलिसेकंदात मोजा. तोच आकडा अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकच्या सिंक ऑफसेटला द्या. पुढे कॅमेरा घेतलात तर त्यालाही उशीर द्यावा लागेल, व्हिडिओ डिले फिल्टरने.

रात्रपाळी

तुमच्या लॅपटॉपला एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) झेपणार नाही. एन्कोडर क्विकसिंक एच.२६४ निवडा, तो इंटेलच्या ग्राफिक्समध्येच असतो. रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम सारखा), ६०००, कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद. कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही १२८० × ७२०. चार्जर लावलेलाच ठेवा, बॅटरीवर लॅपटॉप वेग आवरतो. ब्राउझर बंद, चॅट फोनवर वाचा.

अडखळलं तर व्ह्यू मेनूतून स्टॅट्स उघडा. तिथे तीन वेगळे आकडे असतात आणि लोक तिन्हींना ‘लॅग’च म्हणतात. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम असतील तर केबल बघा किंवा बिटरेट ४५०० करा. एन्कोडिंगमुळे सुटलेल्या असतील तर ३० एफपीएसवर या. रेंडरिंगमुळे असतील तर सीनमधली हलती सजावट कमी करा.

अर्धविराम

गाण्यांचं कुणी बोललं नाही. जीटीएमध्ये गाडीत बसलात की रेडिओ ऑफ. ईए एफसीमध्ये मेनूचं संगीत शून्यावर. नाहीतर कॉपीराइटचा दावा लागून त्या व्हिडिओचं उत्पन्न दुसऱ्याला जातं किंवा चालू स्ट्रीम बंद होतं. आणि क्रिकेटवाल्यांना खास: कोपऱ्यात खऱ्या सामन्याचं थेट प्रक्षेपण दाखवायचा मोह आवरा. तीन स्ट्राइकमध्ये चॅनेल जातं.

कार्डावरून प्रसारण असेल तर टीव्हीवर दिसतं ते सगळं लोकांना दिसतं: होम स्क्रीन, मित्रांचे मेसेज, ईमेल. सूचनांचे पॉप-अप बंद करा, आणि ‘थोडं थांबा’ असा एक सीन करून त्याला शॉर्टकट द्या. स्ट्रीम की (तुमच्या चॅनेलवर प्रसारण पाठवायची गुप्त किल्ली) कधी दिसलीच तर त्याच मिनिटाला रीसेट.

हापूस_प्रेमी

धागा पळवत नाही, पण निन्टेंडो स्विचवर हेच करायचं असेल तर?

केबलचा_गुंता

स्विचमध्ये क्रिएटसारखी थेट सोय नाही, कार्ड पहिल्या दिवसापासून लागेल. चित्र डॉकमधूनच (स्विच टीव्हीला जोडायच्या स्टँडमधूनच) काढा. डॉकचं एचडीएमआय कार्डाच्या इनमध्ये, लूप आउट टीव्हीला. जुना स्विच १०८०पी ६०च्या वर जात नाही, त्यामुळे धाग्यातलंच कार्ड पुरतं आणि एचडीसीपीचीही कटकट खेळताना येत नाही. स्विच लाइट असेल तर मात्र नाद सोडा, त्याला टीव्हीला जोडायची सोयच दिलेली नाही.