सिनेमात घालू की स्टार्टअपमध्ये? प्रश्न १० लाखांचा आहे

टॉवेलवाला :
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दोघं जण पैसे मागायला आलेत. मेव्हण्याच्या ओळखीचा एक पोरगा डाळिंब बागायतदारांसाठी ॲप काढतोय, त्याला १० लाख हवेत. शाळेतला मित्र मराठी सिनेमा काढतोय, त्यालाही १० च. घरात सगळे म्हणतात, ॲप म्हणजे गुंतवणूक आणि सिनेमा म्हणजे जुगार. मला विचाराल तर दोन्ही सारखेच. बहुतेकांचे बुडतात, एखाद्याचं सोनं होतं. उलट सिनेमा बरा, शुक्रवारी लागला की सोमवारी कळतं काय ते. ॲपवाला सात वर्षं व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची कागदावरची किंमत, सांगत राहणार, हातात दमडी नाही. व्यापाऱ्याचे पैसे ९० दिवसांनी येतात, तेवढ्यातच माझा जीव जातो.

सीए_नवीपेठ :
सोमवारी कळतं ते सिनेमाचं, तुमच्या पैशाचं नाही. २०० रुपयांचं तिकीट धरा. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की उरले साधारण १७०. २००९ च्या निर्माते-वितरकांच्या संपानंतर मल्टिप्लेक्सवाल्यांशी जे ठरलं त्यात पहिल्या आठवड्याला निम्मे वितरकाच्या बाजूला, दुसऱ्याला ४२.५ टक्के, तिसऱ्याला ३७.५, मग ३०. म्हणजे भर पहिल्या आठवड्यातही ८५ रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन, जाहिरातीचा खर्च. मग निर्माता. त्याच्या मागे तुम्ही. आणि मराठी सिनेमाला तिसरा आठवडा बघायला मिळाला तर नशीब!

जेऊरकर :
ओ साहेब, आमच्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' विसरलात काय? २०१६ साली चार कोटींच्या आसपास खर्च आणि शंभर कोटींच्या वर गल्ला. कुठलं ॲप देतंय एवढं, सांगा की.

पुण्यात_पोटापाण्याला :
झोमॅटो. नौकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजने २०१० मध्ये त्यात ४.७ कोटी घातले. पुढेही थोडे घालत गेले. २०२१ ला शेअर बाजारात आल्यावर त्यांचा हिस्सा हजारो कोटींचा झाला. पण त्याच इन्फो एजचे दुसऱ्या कंपन्यांत पार बुडालेले पैसेही आहेत. 'सैराट'मागे झी होतं, त्यांचे वर्षाला कितीतरी सिनेमे येतात. बुडवणं परवडणाऱ्यांचा हा खेळ आहे. टॉवेलवाले काका एकाच घोड्यावर सगळं लावणार, मग घोडा कुठल्या रंगाचा याने काय फरक पडतो?

तिसरी_घंटा :
फरक पडतो. सिनेमा एकदा कापून बाहेर पडला की संपला. कंपनीला वळता येतं. ऑफिसातल्या लोकांना आपापसात बोलायचं ॲप देणारी स्लॅक आधी गेम बनवणारी कंपनी होती. २०१२ मध्ये गेम बंद पडला, तेव्हा काम करताना आपापसात बोलायला केलेलं साधनच त्यांनी विकायला काढलं. सेल्सफोर्स या बड्या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये ती कंपनी घेतली.
मी स्वतः नाटकात पैसे घातलेत, त्यामुळे मला तिसरीच बाजू दिसते. हुतात्मा स्मृती मंदिरात आमचा प्रयोग होता. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभी असलेली पाच-सहा माणसं वडा खाऊन सरळ पार्किंगकडे गेली. रात्रीच लेखकाला बसवून दुसऱ्या अंकातली वीस मिनिटं उडवली. पुढच्या प्रयोगाला माणसं आत आली. तरी अकराव्या प्रयोगानंतर थांबवलं. पैसे गेले, पण किती जातायत ते दर प्रयोगाला मोजत होतो.

जेऊरकर :
मग काकांनी नाटक काढावं म्हणता? टॉवेल विकून?

सीए_नवीपेठ :
आणखी एक. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा भांडवलाची बाजू सीताराम कुलकर्णींनी सांभाळली. ते कंपनीत भागीदार होते, एका सिनेमापुरते नाही. एक पडला तरी पुढचा होता. तुमचा मित्र असली भागीदारी देतोय का? सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो, पण तो निर्मात्याचा. करारात तुमचं नाव नसेल तर तुम्ही फक्त उसने देणारे. आणि ॲपवाला व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसेल त्याला शेअर विकत असेल तर लांब राहा, प्रायव्हेट कंपनीला असे जाहीर पैसे मागता येत नाहीत.

टॉवेलवाला :
काल दोघांनाही एकच विचारलं, पैसे परत यायच्या रांगेत मी कितवा? पोराने रात्रीच कागद पाठवला. पुढे मोठे गुंतवणूकदार आले की ते माझ्या आधी, माझा हिस्साही घटणार, असं साफ लिहिलंय. मित्र म्हणाला, "आपल्यात कसलं लिहून घेतोस बे? सिनेमा सुरू होताना तुझं नाव पहिल्या पाटीवर येणार."
खरं सांगू? त्या पाटीनेच मन अडकलंय.

पुण्यात_पोटापाण्याला :
काका, मग त्याला दोन लाख द्या, आणि ते गेलेच म्हणून वहीत आजच लिहून टाका.

टॉवेलवाला :
दोन लाखात पाटीवर कितवा नंबर येतो?