लोदी गार्डनमधली हिरवळ घुमटांपासून मागे घ्यावी का?

चुनाघाणी
माझं मत स्पष्ट आहे: दिल्लीच्या लोदी गार्डनमध्ये कबरींच्या जोत्यापासून तीन मीटरपर्यंत हिरवळ नको. मुहम्मद शाह सय्यदाची अष्टकोनी कबर १४४४ ची, सिकंदर लोदीची १५१७ ची. आत डबरकाम, म्हणजे ओबडधोबड दगडांचं बांधकाम, सांधे चुन्याचे. हिरवळीचं पाणी जोत्यातून वर चढतं, साधारण मीटरभर. ते वाळतं, पण क्षार गिलाव्यामागे साठून त्यांचे खडे होतात आणि पोपडे सुटतात. आपण याला लोणा लागणं म्हणतो. पाणी न तोडता वरून कितीही गिलावा करा, पुन्हा फुगणार.

माळीबुवा
पूर्ण असहमत. खैरपूर गाव उठवून १९३६ मध्ये ही बाग केली गेली आणि १९६८ मध्ये वास्तुविशारद जोसेफ स्टाइन व उद्यानरचनाकार गॅरेट एक्बो यांनी ती नव्याने आखली. हिरवळीतून थेट उभे राहिलेले घुमट हीच या बागेची ओळख आहे. आणि उघड्या मातीचं काय? उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखलाचे शिंतोडे थेट भिंतीवर. फरसबंदी केलीत तर आणखी वाईट, कारण जमिनीतली वाफ कोंडते आणि ओल भिंतीतूनच वाट काढते. खरा दोष छताचा असतो. घुमटाच्या भेगेत पिंपळ रुजला की पावसाचं पाणी आत मुरतं.

पाणलोट
भांडण्याआधी ओल कुठून येते ते पाहा. कंबरेच्या उंचीवर क्षारांची आडवी पांढरी रेघ असेल तर पाणी खालून चढतंय. वरून उभे काळे ओघळ असतील तर छत गळतंय. महिनाही बोलतो: दिल्लीचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. मे महिन्यात जोतं ओलसर लागलं तर ते बागेचंच पाणी.

चुनाघाणी
फरसबंदीचा मुद्दा मान्य, ती नकोच. भिंतीलगत अर्धा मीटर रुंद, उथळ चर घ्यावा, पायाच्या तळाखाली अजिबात न जाता, आणि त्यात खडी भरावी. पुढची जमीन बाहेरच्या बाजूला पन्नासास एक उतरती करावी. त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे जुन्या दुरुस्त्यांमधल्या सिमेंटच्या दर्जा (सांध्यांमधली भरणी) हाताच्या छिन्नीने काढणं. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा उडतात. सिमेंट सांध्यातून पाणी बाहेर पडू देत नाही, मग ते दगडातून सुटतं आणि दगड खपल्या टाकतो. नवी दर्जाभरणी एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू-सुरखी (विटांची भुकटी). हे काम मे महिन्यात करू नये, चुना घट्ट होण्याआधीच वाळून भुकटी होतो. पावसाळा सरल्यावर करावं आणि ओल्या गोणपाटाखाली निदान आठवडाभर ठेवावं.

माळीबुवा
दर्जाभरणी करा, त्याला विरोध नाही. चराला आहे. बाग नगरपालिका परिषदेकडे, वास्तू पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. संरक्षित वास्तूलगत एक फावडं मारायचं तरी परवानगी लागते, आणि जवळच्या जुन्या झाडांची मुळं तुटतील ती वेगळीच. त्यापेक्षा बागेतल्याच शीश गुंबद या कबरीच्या एका बाजूचे तुषार फवारे पूर्ण वर्षभर बंद ठेवा, तिथे दुष्काळ सोसणारं गवत लावा, दुसरी बाजू आहे तशी राहू द्या. दर महिन्याला दोन्हीकडची पांढरी रेघ मोजा. रेघ खाली उतरली तर मी स्वतः तीन मीटरच्या बाजूने बोलेन.

पाणलोट
रेघ नको, ओल मोजा. पाणी तोडल्यावरही जुने क्षार जागेवर राहतात, म्हणून रेघ वर्षभरात हलणार नाही. आधी कागदाच्या लगद्याचा, शुद्ध पाण्यातला लेप दोन-तीन वेळा लावून क्षार ओढून घ्यावे लागतील, तेही दोन्ही बाजूंना सारखेच.