सुपर निन्टेन्डो वर्ल्ड: कोण कोण जाऊन आलं? (अनुभव धागा)

२२ मे २०२५ ला ओरलँडोत (फ्लोरिडा) युनिव्हर्सलचं नवं थीम पार्क एपिक युनिव्हर्स सुरू झालं आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपमधलं प्रत्येक घर एकतर जाऊन आलंय नाहीतर तिकिटांचे भाव बघत बसलंय. पार्कात पाच जगं आहेत पण हा धागा फक्त सुपर निन्टेन्डो वर्ल्ड या मारिओवाल्या (व्हिडिओ गेमवाल्या) भागापुरता, बाकीच्यांवर कुणीतरी वेगळा काढा प्लीज. युनिव्हर्सलच्याच ओसाकाच्या (२०२१) किंवा हॉलिवूडच्या (२०२३) पार्कातलं बघितलेल्यांनीही लिहा, तुलना हवीच आहे. राइड कशा, उन्हाचं काय, साबा-साबुंना (सासूबाई-सासरेबुवांना) न्यावं का, खायला काय, आणि तो मनगटावरचा बँड घ्यावा का.

मी सुरू करते. आत जायला भलामोठा हिरवा पाइप, त्यातून सरकत्या जिन्याने वर, मग पीच राजकन्येचा महाल, आणि महालातून बाहेर पाऊल टाकलं की एकदम सगळं अंगावर येतं. फोटोत दिसतं तसं ते सपाट नाहीये. वर-खाली मजले, प्रत्येक मजल्यावर काहीतरी हलतंय, कासवं येरझाऱ्या घालतायत, नाणी गिरक्या घेतायत, आणि मागे तेच म्युझिक. मुलं पळाली, आम्ही दोघं तिथेच कठड्याला टेकून बघत राहिलो. मुलांना शोधायचं लक्षात यायला अंमळ वेळच लागला.

---

माझं ऐका, ही जागा लहान मुलांसाठी नाहीच, आपल्यासाठी आहे. आपण म्हणजे ज्यांनी नव्वदच्या दशकात साताऱ्या-सांगलीत मे महिन्याच्या सुट्टीत ती लाल-पिवळी कॅसेट घातलेला टीव्ही गेम खेळलाय, ज्याच्या डब्यावर ९९९९९९ इन १ लिहिलेलं असायचं आणि आत फिरून फिरून तेच सात-आठ गेम निघायचे, चालली नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची, अडॅप्टर तापला की आजी येऊन बटणच बंद करायची आणि आपण नेमके किल्ल्यापर्यंत पोचलेलो असायचो. आम्हाला निन्टेन्डो हे नाव माहीतच नव्हतं हो! नुसतं मारिओ. तर तिथे प्रश्नचिन्हाचा पिवळा ठोकळा आहे, खालून बुक्का मारला की तो टिंग आवाज येतो, सेम टू सेम तोच. मी मारला. परत मारला. मागे एक छोटा अमेरिकन मुलगा शांतपणे नंबर लावून उभा होता, त्याची आई माझ्याकडे बघून हसत होती, मला काही हलवेना. मुलीला सांगायला लागलो की पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलला छतावरून चालत शेवटपर्यंत गेलं की गुप्त पाइप लागतात, थेट चौथ्या जगात जाता येतं, तर ती म्हणते बाबा मग मधली जगं कधी खेळलात. काय बोलणार, नाहीच खेळलो, अडॅप्टर तापायचा.

---

वरच्यांचं सगळं मान्य पण जरा विरुद्ध बाजू पण येऊ द्या. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर फ्लोरिडाचं ऊन आणि दमट हवा हा पहिला विषय, मारिओ नंतर. सावली कमी आहे, रंगीत काँक्रीट तापतं, आणि दुपारी गडगडायला लागलं की उघड्यावरच्या राइड बंद होतात, तो तिथला रोजचा पावसाळी कार्यक्रम. सकाळी गेट उघडताच आत किंवा मग संध्याकाळी दिवे लागल्यावर. संध्याकाळीच जास्त छान दिसतं असं माझं मत.

मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या राइडकडून वेगाची अपेक्षा ठेवू नका. गाडी हळू जाते. डोक्याला पट्टा, त्याला पुढून काच चिकटवायची (चष्म्यावरून बसते, काळजी नको), मग समोरच्या खऱ्या सेटवर त्या काचेत शत्रू दिसायला लागतात आणि तुम्ही बघाल तिकडे कासवाचं कवच फेकलं जातं. चौघं एका गाडीत, नाणी सगळ्यांची मिळून मोजतात. पहिल्या वेळेला काय चाललंय तेच कळत नाही, बाणाच्या दिशेने स्टिअरिंग फिरवायचंय की शत्रू मारायचाय, तेवढ्यात संपतं. माझ्या नवऱ्याने सगळी कवचं भिंतीवर मारली. आम्हाला रांगच जास्त आवडली खरं तर, बाऊझरच्या (गेममधला व्हिलन) किल्ल्यातून जाते, त्याची लायब्ररी आहे, पुस्तकांची नावं वाचत उभं राहिलं तर वेळ जातो.

---

डाँकी काँगबद्दल (गेममधला गोरिला, त्याचा वेगळा कोपरा आहे) कुणी लिहिलं नाही अजून?? खाणीतली ढकलगाडी आहे, रूळ तुटलेले दिसतात आणि गाडी त्यावरून उडी मारून पलीकडे जाते. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे एकदा बसून समाधान होईना. ट्रिक अशी की तुम्हाला दिसणारे लाकडी रूळ नुसते दिखाव्याचे, खरा रूळ खालच्या बाजूला लपवलाय आणि गाडी एका दांड्यावर त्याच्या वर तोललेली असते. म्हणजे चाकं ज्यावर आहेत असं वाटतं त्यावर ती नसतातच. माहीत असूनही तुटलेला भाग आला की पाय आपोआप ब्रेक शोधतात. फार उंच-बिंच नाही, पण धक्के आहेत, मान-पाठ दुखणाऱ्यांनी विचार करा. एका गाडीत चौघंच, त्यामुळे रांग मुंगीच्या पावलाने सरकते. सकाळी सगळ्यात आधी हीच उरकून घ्या. उंचीची अट ४० इंच, पोरांना घरूनच मोजून न्या म्हणजे तिथे रडारड नको.

---

ओसाकाहून लिहितेय. इथलं १८ मार्च २०२१ ला उघडलं, जगातलं पहिलं, आणि डाँकी काँगचा भाग ११ डिसेंबर २०२४ ला जोडला गेला. गर्दीच्या दिवशी या भागात शिरायला वेगळं वेळेचं तिकीट लागतं, पार्कात शिरल्यावर ॲपमधून फुकट घेता येतं पण लवकर संपतं, त्यामुळे नऊ वाजता आरामात नाश्ता करून निघणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी आता आधीच दम देते. निशिकुजोला गाडी बदलून युनिव्हर्सल सिटी स्टेशन, तिथून पाच मिनिटं चाल.

भारतातून खास यासाठी येणार असाल तर एक दिवस क्योटोकडे ठेवा. निन्टेन्डो कंपनी मुळात १८८९ साली क्योटोत पत्त्यांचे कॅट बनवायला सुरू झालेली. क्योटोजवळ उजीत त्यांच्या जुन्या कारखान्यात ऑक्टोबर २०२४ पासून म्युझियम आहे, तिथे ते जुने हानाफुदा (फुलांच्या चित्रांचे जपानी) पत्ते बघायला मिळतात. तिकीट आधी काढावं लागतं. माझ्या वडिलांना पार्कापेक्षा तेच आवडलं, रमीवाला माणूस.

---

साबांना न्यावं का असं विचारलंय, तर मी साबाच आहे 😀 ठाण्याहून मुलाकडे आलेय. मारिओ कोण हे मला माहीत नव्हतं, आता नातवाने सगळी वंशावळ सांगितलीय. गुडघ्यांचं दुखणं आहे, त्यामुळे चढउतार जपून केला, बसायला जागा जरा शोधाव्याच लागतात. योशीची (मारिओचा तो हिरवा डायनासोर) राइड माझ्यासारख्यांसाठी उत्तम. हळूहळू उंचावरून फिरवतात, सगळा परिसर दिसतो, वाऱ्याची झुळूक येते, पोट ढवळत नाही.

पण खरी मजा ढोलांपाशी आली. डाँकी काँगच्या बाजूला उभे ढोल ठेवलेत, ताल बरोबर वाजवला की आतून गेंडा बाहेर येतो. नातू आणि त्याचा बाबा दोघं धपाधपा मारत होते, गेंडा काही येईना. मी म्हटलं सरका. आमच्या भजनी मंडळात मी इतकी वर्षं ढोलकीला बसते, मला काय सांगता. आधी ऐकून घेतला ताल, मग वाजवला. आला की गेंडा! नातवाने उडी मारली आणि आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईंनी व्हिडिओ काढलाय, मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तर तिकडून प्रश्न की गेंडा खरा होता का.

---

काकू ___/\___ धाग्याचं सार्थक झालं.

---

हॉलिवूडवाले: आमच्याकडचं लहान आहे, मारिओ कार्ट एवढी एकच राइड, योशी नाही, डाँकी काँग नाही. लोअर लॉटवर (पार्कच्या खालच्या भागात) आहे म्हणजे लांबच लांब सरकते जिने उतरून जायचं. एकटं बसायची तयारी असेल तर सिंगल रायडर लाइनने वेळ खूप वाचतो. आणि एक नाजूक गोष्ट, पार्कवाले स्वतःच सांगतात की कंबर ४० इंच किंवा वर असेल तर त्या सीटमध्ये बसता येईलच असं नाही. बाहेर ट्रायलची सीट असते, रांगेत उभं राहण्याआधी बसून बघा.

बँडचं म्हणाल तर चाळिसेक डॉलर जातात. बँड नसेल तर ठोकळे बडवता येतात, पण नाणी मोजली जात नाहीत आणि चाव्या मिळवायचे छोटे खेळ खेळता येत नाहीत. तीन चाव्या मिळाल्या की बाऊझर ज्युनियरशी लढायला आत सोडतात, ते राइडपेक्षा भारी आहे, अंगभर उड्या मारायला लागतात. एका घरात एक बँड हा मराठी तोडगा आम्ही काढला होता, दहा मिनिटांत भावंडांची मारामारी झाली. दोन घ्या.

---

आणि खाणं? घरी सगळे शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

---

टोडस्टूल कॅफेत मशरूम सूप आणि टोमॅटोचं ते दातवालं झाड असलेलं कॅप्रेझे (टोमॅटो-चीजचं सॅलड), हे दोन पदार्थ शाकाहारीत बसतील असं वाटलं. अंड्याचं मात्र काउंटरवर विचारून घ्या, गोड पदार्थांत तर हमखास असतं. त्यातला केक दिसायला गोड, खायला नुसता साखर. डाँकी काँगच्या बाजूला बबली बॅरलमध्ये अननसाचं गार फ्लोट मिळतं, त्या उन्हात तेच जेवण समजा. कॅफेची रांग दुपारी बाराला बघून आम्ही परत फिरलो, अकराच्या आत गेलात तर जागा मिळेल.

---

डिसेंबरमध्ये दहा दिवस आहेत, ओरलँडो की हॉलिवूड? मुलं ६ आणि ११.

---

फक्त मारिओसाठी असेल तर ओरलँडो, डोळे झाकून. पण ख्रिसमसचा आठवडा टाळा, त्याच्या आधीचा बघा. ६ वाल्याची उंची मोजलीत का?