मत्स्यकन्या, जलपरी, मत्स्यगंधा: तिन्ही एकच का?

पोरगी कन्नड मीडियमला हाय, तिच्या टीचर 'मत्स्यकन्ये' म्हणतात, घरात आम्ही जलपरी म्हणतो, आणि निपाणीची आज्जी म्हणती ती मत्स्यगंधाच की. जाणकारांनी जरा सांगा.

– मत्स्यगंधा वेगळी हो. ती सत्यवती. अद्रिका अप्सरा शापानं मासळी झालेली, तिच्या पोटची, म्हणून अंगाला माशाचा वास. पण पाय दोन, यमुनेवर नाव वल्हवायची, शेपटीचा काय संबंध न्हाई. पराशरांनी वर दिल्यावर योजनगंधा झाली.

– जलपरी शब्द मजेशीर हाय. जल संस्कृत, परी फारसी, आणि परीला पंख असतात की! तिकडं ग्रीकांच्या गोष्टीतल्या, गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरनचंपण तसंच, जुन्या भांड्यांवर बघा, धड पक्ष्याचं नि तोंड बाईचं. माशाची शेपटी मध्ययुगात युरोपात चिकटली. कारखान्याच्या भोंग्याला आपण सायरन म्हणतो ते नाव तिचंच.

– एवढं कशाला, खलाशांनी समुद्रगाय (समुद्रात राहणारा मोठा सस्तन प्राणी) बघितली नि बाई समजले, विषय संपला. १४९३ च्या जानेवारीत कोलंबसनं तीन जलपऱ्या बघितल्या, वर म्हणतो चित्रात दाखवतात तेवढ्या देखण्या न्हाईत 😀 समुद्रगायीची आचळं पुढच्या वल्ह्यासारख्या हातांपाशी, छातीवर असतात, त्यामुळं लांबनं फसगत होणारच. आपल्याकडं कच्छ, मन्नारचं आखात आणि अंदमानात हाय ती.

– दादा, कोलंबसचं बरोबर, पण सगळं समुद्रगायीवर ढकलू नका. सीरियाची अतारगातिस देवी कितीतरी जुनी, ग्रीक तिला देर्केतो म्हणायचे. दिओदोरस या जुन्या ग्रीक इतिहासकारानं लिहिलंय, अश्कलोन (आताच्या इस्रायलमधलं गाव) जवळच्या तळ्यात तिनं लाजेनं उडी टाकली आणि तोंड तेवढं बाईचं राहून बाकी अंग माशाचं झालं, म्हणून तिथले लोक तेव्हा मासे खायचे न्हाईत. आता त्या तळ्यात समुद्रगाय कुठनं येणार? मूळ देवीच, पाणी आणि सुपीकपणाची. पुढं चर्चमधल्या कोरीवकामात मत्स्यकन्येच्या एका हातात आरसा नि दुसऱ्यात फणी दिली, म्हणजे नटवी, पुरुषाला पापात ओढणारी. देवीची पार बदनामीच केली म्हणा की.

– आरसा घेऊन नटणारी बाई आपल्या देवळांवरपण हाय, दर्पणसुंदरी. तिला कोण पापी म्हणत न्हाई.

– मग लिहिताना काय लिहायचं ते सांगा की कुणीतरी.

– अर्धी बाई अर्धा मासा असली तर मत्स्यकन्या, कन्नडवाल्यांनापण लगेच कळतंय. जलपरी गोष्टीत चालती, आणि पेपरवाले पोहण्यात मेडल मारलेल्या पोरीलापण जलपरीच म्हणतात. मत्स्यगंधा मात्र सत्यवतीलाच ठेवा, न्हाईतर कारवारवरनं जाणाऱ्या रेल्वेला.