जुनाट कंबरदुखी आणि मणका 'बसवून घेणं': चर्चा

वाघूरकाठ (धागा सुरू करणारे)
कापूस वेचणी अंगावर आली की जळगाव-धुळ्याकडे कंबर धरलेल्यांची संख्या वाढते. हल्ली यातले बरेच जण मोबाईलवरचे कडकड आवाजाचे व्हिडिओ बघून कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटके देऊन मणक्यावर उपचार करणाऱ्याकडे) मणका 'बसवायला' निघतात. माझं मत स्पष्ट आहे. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात बहुतेक वेळा काही सरकलेलं नसतंच, मग बसवायचं काय? तो आवाज हाडाचा नाही, सांध्यातल्या द्रवात दाब कमी होऊन वायूची पोकळी तयार होते त्याचा आहे. म्हणूनच तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही.

एमआरआयवरचा 'गादी (दोन मणक्यांमधली चकती) दबली' हा शेराही जपून वाचावा. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांपैकी साधारण 60 टक्क्यांच्या गादीला फुगवटा आढळला होता.

पांझरा_५५
भाऊ, आवाजाचं पटलं. पण त्यावरून सगळी पद्धतच मोडीत काढणं बरोबर नाही. डॅनिअल पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेत ही पद्धत सुरू केली तेव्हाचा 'सगळे रोग मणक्यातून' हा दावा आज शिकलेले लोक करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या जुनाट कंबरदुखीवरच्या मार्गदर्शनात मणक्याच्या हातोपचाराला जागा आहे, आणि आपल्याकडे सर्रास दिला जातो तो कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं) मात्र नेहमीचा उपचार म्हणून नको म्हटलंय. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाऊन जठर आणि मूत्रपिंड खराब करण्यापेक्षा झोप, काम, ताण, आहार हे सगळं विचारणारा माणूस बरा नाही का?

वाघूरकाठ
दादा, ती शिफारस अटींसह आहे, पुराव्याची खात्री फार कमी म्हणूनच नोंदवली आहे. आणि झोप-ताण विचारायला मणका वाजवावा लागत नाही.

फिजिओ_चोपडा
दोघांच्या वादात मूळ कारण बाजूला राहतंय. दुखणं जुनं झालं की मज्जारज्जू आणि मेंदू जास्त संवेदनशील होतात. जखम भरलेली असते, तरी साध्या वाकण्यालाही धोक्याचा इशारा मिळतो. त्यात झोप तुटलेली, पिकाच्या भावाची काळजी आणि 'वाकलो तर कामातून जाईन' ही भीती. हालचाल कमी, स्नायू आणखी कमजोर, दुखणं आणखी जास्त. झटका दिल्यावर स्नायूंचा ताण थोड्या वेळापुरता सैल होऊ शकतो. तेवढ्या वेळात व्यायाम सुरू केला तर उपयोग, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत तीच खाट.

फवारणीचा पंप घ्या. 16 लिटर भरला की पंपासकट 20 किलोच्या पुढे जातो. बहुतेक जण तो जमिनीवरून उचलतात, एक पट्टा खांद्यात आणि अंगाला पीळ देत दुसरा. कंबर तिथेच जाते. पंप बांधावर किंवा खाटेवर, कमरेच्या उंचीला ठेवून भरा, पाठ टेकवून दोन्ही पट्टे घाला, मग पायांच्या जोरावर उठा. पट्टे आखूड करून पंप पाठीला चिकटवा. लोंबता पंप माणसाला मागे ओढतो. दुखत असेल तर 10 लिटरच भरा, फेरी वाढली तरी चालेल. वेचणीतही ओटी तुडुंब होईपर्यंत थांबू नका, तीन-चार किलोला रिकामी करा.

व्यायाम: सकाळ-संध्याकाळ 10 मिनिटं चालणं, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढ. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं, आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या. दुखणं थोडं वाढून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालतं. तसं झालं नाही तर निम्म्यावर या, पण बंद करू नका. घोळ इथेच होतो: बरं वाटलं त्या दिवशी लोक सगळं रान उरकतात आणि पुढचे चार दिवस पडून राहतात.

पांझरा_५५
ताई, हे सगळं मान्य. पण खाटेवरून उठताच येत नाही त्याला व्यायाम कसा सांगणार? तिथे हातोपचाराने वाट मोकळी होते, एवढंच माझं म्हणणं.

तोरणमाळ
वाट मोकळी करण्याआधी ज्यांना हात लावू नये ते वेगळे काढा. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसताना टेकतो तो भाग बधिर होणं, पाय लुळा पडणं: त्याच दिवशी मोठं रुग्णालय. रात्री ताप, वजन घटणं, एकाच मणक्यावर दाबलं की कळ: आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी तपासा. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला झटका दिला तर मणका मोडू शकतो. मानेच्या झटक्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत, क्वचित असली तरी. मानेचं तर मी नकोच म्हणेन. पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा, विशेषतः शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांनी. ते मणका वाजवून भरून येत नाही.

पांझरा_५५
मानेबद्दल तुमचं ऐकतो. कमरेबद्दल माझं मत तेच. फक्त जाणाऱ्याने आधी तीन गोष्टी विचाराव्यात: शिक्षण कुठलं, किती बैठकांत फरक दिसला नाही तर थांबणार, आणि घरी करायला व्यायाम देणार का.

वाघूरकाठ
चौथी जोडा: वर्षभराचं पॅकेज आगाऊ मागितलं तर उठून यायचं. सहा बैठकांत चालणं-वाकणं सुधारलं नाही, तर सातवीचे पैसे कशाचे?