शेजारच्या बोअरनं आमची विहीर आटली, कायदा काय म्हणतो?

मांजराकाठचा:
राम राम मंडळी. गाव लातूर जिल्ह्यातलं. आमची विहीर फेब्रुवारी काढायची, औंदा शेजाऱ्यानं बांधाला लागून 800 फूट बोअर मारला, तीन एकर ऊस लावला अन् दिवाळीनंतर महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसला. आता आई घागरी मांडून टँकरची वाट बघती. भावकीतलाच हाय, भांडायचं नाही. पण जमिनीखालचं पाणी ज्याची मोटर मोठी त्याचंच का?

वैजापूरकर:
2009 चा भूजल कायदा हाय की. सरकारनं अधिसूचित केलेल्या भागात 60 मीटरच्या खाली, म्हणजे साधारण 200 फुटाच्या पुढं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. आता तुमच्या शिवारात 200 वर थांबलेला एक बोअर दाखवा 😀
अन् मूळ दुखणं वरच्या धरणांत हाय. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असलं की नाशिक-नगरच्या धरणातून पाणी सोडायचं 2014 ला ठरलं होतं, तरी सोडायची वेळ आली की आंदोलनं अन् कोर्ट.

बिनपाण्याचा:
जायकवाडीचं लातूरला काय? लातूर मांजरा धरणावर. 2016 ला धरण आटलं तवा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर, अन् टाक्यांपाशी गर्दी नको म्हणून 144 कलम.
ऊस मी पण लावतो, खोटं कशाला बोलू. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4892, अन् आडतीवर 4000 ला मागत होते. उसाचे पैसे उशिरा का होईना बँकेत पडतात. तुरीला असा भाव बांधून द्या, उद्या ऊस मोडतो.

बीडची_ताई:
लावायचा कोणता माल ते बापे ठरवणार अन् घागर आमच्या डोक्यावर. आमच्याकडं तर गावात पाणी नाही म्हणून आगाऊ उचल घेऊन नवरा-बायको जोडीनं तोडीला जातात, अन् तोडायचं काय, तर सगळ्यात जास्त पाणी पिणारा ऊसच! दादा, तक्रारीच्या नादी लागायच्या आधी त्याच्या बायकोला गाठून बोला, तिच्या घरचा हंडा पण तिलाच भरावा लागतो.

मांजराकाठचा:
ताई, बोललो वहिनीला. रोज दोन तास आमच्या हौदात पाणी सोडायला तयार झाले. पण शेतीची लाइट या आठवड्यात रात्री 12 ला येती, मोटर चालू करायला कोण उठायचं यावरून आता आमच्याच घरात वाद चालू हाय.