स्कायडायव्हिंग: सुरुवात कशी करावी आणि पुढे टिकून कसे राहावे?

नभयात्री (प्रश्न)

नमस्कार. अलीकडेच मी प्रशिक्षकाला बांधून घेऊन टँडम उडी मारली आणि तेव्हापासून हा खेळ रीतसर शिकण्याचे मनाने घेतले आहे. टँडममध्ये विमानाचे दार उघडल्यापासून पाय जमिनीला लागेपर्यंतचा प्रत्येक निर्णय माझ्या पाठीशी असलेल्या माणसाने घेतला. आता तेच निर्णय मला स्वतःला घेता यावेत, अशी माझी इच्छा आहे.

चौकशी केल्यावर एएफएफ (ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल; फ्रीफॉल म्हणजे पॅराशूट उघडण्यापूर्वीचे मुक्त पडणे) आणि स्टॅटिक लाइन असे दोन मार्ग असल्याचे समजले. यांपैकी कोणता निवडावा, आणि त्याआधी विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर शरीर तरंगवणाऱ्या बंद कक्षात, सराव करणे कितपत उपयोगाचे आहे, हे जाणून घ्यायचे आहे. दाराशी उभे राहिल्यावर वाटणारी भीती कालांतराने जाते का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे. माझा मुख्य प्रश्न मात्र वेगळाच आहे. मोठ्या उत्साहाने अभ्यासक्रम सुरू करणारे अनेक जण परवाना मिळण्याआधी किंवा मिळाल्यानंतर लवकरच हा खेळ सोडतात, असे मला एकाहून अधिक लोकांनी सांगितले. असे का होते, आणि ते टाळण्यासाठी सुरुवातीपासून काय करावे?

खुलेदार

मी विद्यार्थ्यांना उड्या शिकवतो, त्यामुळे आधी पद्धतींबद्दल लिहितो.

एएफएफमध्ये जमिनीवरचे सविस्तर प्रशिक्षण झाल्यावर पहिलीच उडी साधारण १०,००० ते १४,००० फुटांवरून होते. दोन्ही बाजूंना दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला धरून असतात. पॅराशूट मात्र विद्यार्थ्याने स्वतः, साधारण ५,५०० फुटांच्या आसपास उघडायचे असते. पुढच्या टप्प्यांत एकच प्रशिक्षक सोबत राहतो आणि मग तोही हात सोडून समोर तरंगत राहतो. स्टॅटिक लाइनमध्ये उडी ३,००० ते ४,००० फुटांवरून असते आणि विमानाला बांधलेल्या पट्ट्यामुळे पॅराशूट आपोआप उघडते. फ्रीफॉलचा काळ पुढे हळूहळू वाढवत नेतात. एएफएफच्या विद्यार्थ्याला शरीराची स्थिती लवकर कळते, तर स्टॅटिक लाइनच्या विद्यार्थ्याचा पॅराशूटवरचा हात लवकर बसतो. दोन्ही मार्ग अखेर एकाच परवान्याकडे जात असल्यामुळे, माझ्या मते पद्धतीपेक्षा ठिकाणाची निवड अधिक महत्त्वाची आहे. जिथे विमान नियमित उडते, प्रशिक्षक सतत बदलत नाहीत आणि उडीनंतर तुमच्याशी बसून सविस्तर बोलायला त्यांना वेळ असतो, त्या ठिकाणी जी पद्धत शिकवत असतील ती घ्यावी.

आता भीतीबद्दल. पहिल्या काही उड्यांत खरी अडचण भीतीपेक्षा मेंदूवर येणाऱ्या भाराची असते. वाऱ्याचा आवाज, ताशी सुमारे १९० किलोमीटरचा वेग आणि अनोळखी दृश्य एकाच वेळी अंगावर आल्यामुळे अनेकांना बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही सेकंद नंतर आठवतच नाहीत. म्हणून आम्ही विद्यार्थ्याला एक ठरलेला क्रम देतो: क्षितिज पाहा, अल्टिमीटर (उंची दाखवणारे उपकरण) पाहा, एका प्रशिक्षकाकडे पाहा, दुसऱ्याकडे पाहा, मग उजवा हात मागे नेऊन पॅराशूट उघडण्याच्या मुठीला स्पर्श करा आणि पुन्हा शरीराची कमान धरा. प्रशिक्षकाने चेहऱ्यासमोर दोन सरळ बोटे धरली तर पाय लांब करायचे, आणि तर्जनी दाखवली तर दुसरा कोणताही विचार न करता पॅराशूट उघडायचे. हा क्रम जमिनीवर पोटावर पडून इतक्या वेळा करावा की आकाशात तो आठवावा लागू नये. जे विद्यार्थी आपली पाळी येईपर्यंत बाजूला उभे राहून हा सराव करतात, त्यांची दाराशी होणारी तगमग इतरांपेक्षा बरीच लवकर ओसरते. ती पूर्णपणे जाते असे मी म्हणणार नाही, आणि ती जावी असेही मला वाटत नाही, कारण साहित्य पुन्हा एकदा तपासायला लावणारी तीच असते.

लोक खेळ का सोडतात, याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण म्हणजे सुरुवातीच्या उड्यांमधले लांबलेले अंतर. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, म्हणजेच यूएसपीए, हिच्या मार्गदर्शनानुसार ३० दिवस उडी न मारलेल्या विद्यार्थ्याने पुढची उडी प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली मारावी लागते. ए परवाना, म्हणजे पहिला परवाना, मिळालेल्यासाठी हीच मुदत ६० दिवसांची आहे. याचे कारण सरळ आहे. या काळात हाताला लागलेले वळण मोडते आणि भीती मात्र पहिल्या दिवसाइतकी ताजी होऊन परत येते. मग विद्यार्थ्याला आपण मागे पडलो असे वाटू लागते, तो पुढची तारीख ढकलतो, आणि असे दोन-तीनदा झाले की तो दिसेनासा होतो. त्यामुळे अभ्यासक्रमाची नुसती सुरुवात करण्याइतका नव्हे, तर परवान्यापर्यंत सलग पोहोचण्याइतका वेळ आणि पैसा हाताशी असेल तेव्हाच आरंभ करावा, असे मी आग्रहाने सांगेन. यूएसपीएच्या ए परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. त्या एका मोसमात बसतील अशा बेताने सुरुवात करावी. मोसम संपत आलेला असेल तर पुढच्या मोसमापर्यंत थांबलेले बरे.

मेघमल्हार

टनेलबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. एएफएफ सुरू करण्यापूर्वी थोडा वेळ टनेलमध्ये घालवला तर शरीराची कमान, पायांची स्थिती आणि जागच्या जागी वळणे या गोष्टी समजतात, आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षकाला चूक तिथल्या तिथे दाखवता येते. एका उडीतला फ्रीफॉल जेमतेम मिनिटभराचा असतो. टनेलमध्ये तेवढा वेळ पुन्हा पुन्हा मिळतो. ज्यांचे पाय ताणामुळे आपोआप आखडतात आणि त्यामुळे जे आकाशात मागे सरकत किंवा गोल फिरत राहतात, त्यांना याचा फार उपयोग होतो.

पश्चिमवारा

मेघमल्हार यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. टनेलमध्ये शरीर उडायला शिकते हे खरे, पण तिथे उंची कमी होत नाही. अल्टिमीटर पाहायची आठवण ठेवावी लागत नाही, ठरलेल्या उंचीवर हातातले काम सोडून पॅराशूट उघडावे लागत नाही आणि दारातून बाहेरही पडायचे नसते. टनेलमध्ये तरबेज झालेले काही विद्यार्थी आकाशात आपल्या हालचालीत इतके रमतात की उंचीकडे त्यांचे दुर्लक्ष होते, ही गोष्ट कोणताही जाणता प्रशिक्षक मान्य करील. टनेल अवश्य करावे. मात्र तिथेही दर काही सेकंदांनी मनगटाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

नभयात्री यांच्या मुख्य प्रश्नाबाबत खुलेदार यांनी सांगितलेले कारण परवान्यापूर्वीचे आहे. परवान्यानंतर खेळ सोडणाऱ्यांचे कारण निराळे असते, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. अभ्यासक्रम चालू असताना प्रत्येक उडीला एक उद्दिष्ट असते आणि कोणीतरी तुमच्याकडे लक्ष देत असते. परवाना मिळतो त्या दिवसापासून तुम्ही एकटे पडता. अनुभवी गटांच्या उडीत सामील होण्याइतके कौशल्य तुमच्याकडे नसते आणि दर वेळी एकट्याने उडी मारण्यात काही काळाने अर्थ वाटेनासा होतो. पुष्कळ जण याच टप्प्यावर गळतात, आणि तेही खेळ आवडत असताना गळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर मला दोन मार्ग परिणामकारक वाटतात. पहिला म्हणजे ड्रॉप झोनवर, म्हणजे जिथे उड्या होतात त्या ठिकाणी, केवळ उडीपुरते न जाता दिवसभर थांबणे. वारा वाढला किंवा ढग आले की उड्या थांबतात आणि सगळे तासन्‌तास खाली बसून राहतात; नेमक्या याच वेळात ओळखी होतात, पॅकिंग (पॅराशूट घडी घालून भरणे) शिकता येते आणि पुढच्या उडीत कोणी तरी बरोबर घेते. विमान थांबले की गाडीत बसून घरी निघून जाणाऱ्याला हा खेळ कायम परकाच राहतो. दुसरा मार्ग म्हणजे पॅराशूट उडवण्याची गोडी लावून घेणे. हिशेब करून पाहा: फ्रीफॉल एक मिनिटाचा, पॅराशूटखालचा प्रवास पाच-सहा मिनिटांचा; तरीही बहुतेक नवशिके ती पाच-सहा मिनिटे म्हणजे केवळ खाली येण्याची वाट समजतात. प्रत्यक्षात तिथे एकट्याने करण्यासारखे अमाप आहे. पुरेशा उंचीवर ब्रेक (वेग आणि दिशा आवरणाऱ्या दोऱ्या) किती खेचल्यावर पॅराशूट उडायचे थांबते ते तपासणे, मागचे रायझर (पॅराशूटच्या दोऱ्या अंगावरच्या पट्ट्यांना जोडणारे पट्टे) ओढून वळून पाहणे, १,००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, ६०० फुटांवर आडवे आणि ३०० फुटांवर वाऱ्याकडे तोंड करून उतरण्याचा मार्ग आखणे आणि ठरवलेल्या जागेपासून आपण किती दूर उतरलो, ते लॉगबुकात लिहिणे. असे केले तर सोबत कोणी नसले तरी एकही उडी वाया गेली असे वाटत नाही.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. यूएसपीएच्या नोंदीनुसार २०२३ साली अमेरिकेत सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि त्यांत १० जणांचा मृत्यू झाला. एकंदर प्रमाण कमी झाले असले, तरी या खेळातल्या गंभीर अपघातांपैकी मोठा भाग आजही पॅराशूट व्यवस्थित उघडल्यानंतर, जमिनीजवळ घेतलेल्या चुकीच्या वळणामुळे होतो.

नभयात्री

सर्वांचे आभार. मोसमाच्या मध्यावर घाईने नाव नोंदवण्याचा माझा विचार होता, तो आता बदलला आहे. आणखी एक शंका आहे. स्वतःचे साहित्य असले की माणूस नियमित उड्या मारतो, म्हणून ते शक्य तितक्या लवकर घ्यावे, असे काही जण सुचवतात. हे योग्य आहे का?

तीनकड्या

मी रिगर आहे, म्हणजे राखीव पॅराशूट तपासणे आणि भरणे हे माझे काम आहे. साहित्य लवकर घेण्यात एक धोका आहे. नवशिका पुढे आपले कौशल्य वाढेल या हिशेबाने आजच लहान पॅराशूट घेतो, आणि मग ते कौशल्य येण्याआधीच त्याला त्या पॅराशूटखाली उतरावे लागते. लहान पॅराशूट वेगाने पुढे जाते, ब्रेकच्या थोड्याशा हालचालीलाही जोरात उत्तर देते आणि वळणात खूप उंची गमावते. सुरुवातीला साहित्यासह तुमचे वजन जितके पौंड, किमान तितक्या चौरस फुटांचे पॅराशूट असावे, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. समजा, साहित्यासह वजन ८७ किलो, म्हणजे सुमारे १९० पौंड आहे, तर १९० चौरस फुटांपेक्षा लहान पॅराशूटकडे वळूच नये. विद्यार्थ्यांना याहून बरेच मोठे देतात. म्हणून परवाना मिळेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ भाड्याचेच साहित्य वापरावे. वेगवेगळ्या आकारांची पॅराशूटे त्यातूनच अनुभवता येतात. वापरलेले साहित्य घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या रिगरकडून ते पूर्ण उघडून तपासून घ्यावे.

मात्र लवकर घेता येण्यासारख्या काही वस्तू आहेत. अंगाला नीट बसणारे हेल्मेट, गॉगल आणि मनगटावरचा अल्टिमीटर स्वतःचा असला की दर वेळी नवी डायल वाचण्याची सवय करावी लागत नाही. चष्मा असेल तर त्यावर बसणारा गॉगल मिळतो.

साहित्य घेईपर्यंत पॅकिंग मात्र अवश्य शिका. भाड्याचे पॅराशूट भरून देणारे लोक असतात आणि त्यांच्यावर सोपवणे सोपे असते. पण स्वतः पॅकिंग केल्याने दोऱ्या कुठून कुठे जातात, स्लायडर (पॅराशूट हळू उघडावे म्हणून दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडी तुकडा) कसा सरकतो आणि तो पूर्ण वर चढवून ठेवला नाही तर पॅराशूट इतके झटक्याने का उघडते, हे हाताला कळते. पहिल्यांदा भरताना कापडातली हवा निघता निघत नाही. गुडघ्यांनी दाबलेली घडी पिशवीत जाता जाता बाजूने पुन्हा फुगते आणि बहुतेकांना तिथेच कंटाळा येतो. तो टप्पा ओलांडल्यावर वर पाहताना पॅराशूट नीट उघडले आहे की नाही, हे ओळखायला लागणारा वेळ कमी होतो.

शेवटी एएडीबद्दल, म्हणजे राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या उपकरणाबद्दल. हेल्मुट क्लॉथ यांनी विकसित केलेले सायप्रेस हे उपकरण १९९१ साली आले आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. अनुभवी उडीकारांसाठीचे त्याचे रूप साधारण ७५० फुटांवर, वेग सेकंदाला ३५ मीटरहून जास्त असेल तरच राखीव पॅराशूट उघडते. बिघडलेले मुख्य पॅराशूट ते सोडत नाही, आणि त्या पॅराशूटमुळे वेग मर्यादेखाली राहिला तर ते काहीच करत नाही. त्या प्रसंगी उजवी मूठ ओढून मुख्य पॅराशूट सोडणे आणि लगेच डावी मूठ ओढून राखीव उघडणे हे तुम्हालाच करावे लागते. तेव्हा भाड्याचे साहित्य प्रत्येक वेळी अंगावर चढवल्यावर त्या दोन मुठी नेमक्या कुठे आहेत ते आधी डोळ्यांनी पाहा, मग हात लावून पाहा, कारण एका साहित्यातली मूठ दुसऱ्यापेक्षा किंचित वर, खाली किंवा वेगळ्या आकाराची असू शकते.